कमानींपासून नियम ६७ पर्यंत : मुंबईच्या जुन्या वस्त्यांवरील बांधकाम-निर्बंधांचा इतिहास

मुंबईत इमारतीच्या दर्शनी भागावर निर्बंध घालण्याची रीत वारसा-जतनाच्या कल्पनेहून बरीच जुनी आहे. २१ एप्रिल १९९५ रोजी महाराष्ट्र शासनाच्या नगरविकास खात्याने बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ क्रमांकाचा नियम मंजूर केला आणि सहाशेहून अधिक इमारती, वस्त्या, तलाव, कारंजी व स्मारके यांत फेरफार करण्यापूर्वी खास परवानगी सक्तीची झाली. भारतातील एखाद्या महानगराने केलेला अशा प्रकारचा हा पहिला नियम मानला जातो. मात्र घराने रस्त्याकडे कसे तोंड करावे हे मालकाखेरीज दुसऱ्याने ठरवायचे, हा प्रकार या शहराने कंपनी सरकारच्या काळापासून पाहिला होता. आधीचे निर्बंध इमारत उभी राहण्यापूर्वी, जमिनीच्या व्यवहाराबरोबरच येत. १९९५चे निर्बंध इमारत उभी राहून, जुनी होऊन, भाडेकरूंनी भरून गेल्यानंतर आले. नियमाभोवतीचे पुष्कळसे तंटे या एका फरकातून निघाले आहेत.

सर्वांत जुने निर्बंध लष्करी होते. कोटाच्या आत लाकडी घरांची दाटी झाली होती. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी तिथे मोठी आग लागली आणि वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर कोटाबाहेरचे मैदान आणखी रुंद करून मोकळे ठेवण्यात आले. तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून या एस्प्लनेडवर पक्के बांधकाम करायला बंदी होती. गोऱ्या अधिकाऱ्यांना कोरड्या ऋतूत तिथे तात्पुरते बंगले उभारता येत, पण पावसाळा जवळ आला की ते उतरवावे लागत. या नियमांमागे सौंदर्यदृष्टी शोधण्यात अर्थ नाही. मात्र खासगी बांधकामावर सार्वजनिक कारणासाठी बंधन घालता येते, हे त्यांनी शहराला शिकवले. ओव्हल, आझाद मैदान आणि क्रॉस मैदान आज मोकळी दिसतात तीही मुळात याच बंदीमुळे.

दर्शनी भागाचा पहिला खरा नियम एल्फिन्स्टन सर्कलचा, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलचा. टाउन हॉलसमोरचे बॉम्बे ग्रीन हे मैदान कापसाच्या गासड्या रचण्याची जागा म्हणून वापरले जाई, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे धूळ व कचरा साठला होता. पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांनी ही जागा वर्तुळाकार आखून भोवती इमारती उठवण्याची कल्पना मांडली. लॉर्ड एल्फिन्स्टन आणि पुढे सर बार्टल फ्रिअर या गव्हर्नरांनी तिला पाठबळ दिले. जागेचे भूखंड पाडून विकण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्यामुळे गिऱ्हाइकांची कमतरता नव्हती. विक्रीची अट अशी, की आत काय बांधायचे ते घेणाऱ्याने पाहावे, पण वर्तुळाकडे येणारी बाजू ठरल्या नमुन्याचीच असली पाहिजे : तळमजल्यावर कमानींची पडवी, वर सारख्या उंचीचे मजले आणि सारख्या ओळीत खिडक्या. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्तुळ पुरे झाले. मालक निरनिराळे, पण पाहणाऱ्याला एकच इमारत वाकवून बसवल्यासारखी दिसते, ती या अटीमुळे.

दुसरे उदाहरण हॉर्नबी रोडचे. १८६०च्या दशकात फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि व्हिक्टोरिया टर्मिनसपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत जाणारा हा रस्ता पुढे रुंद करून शहराचा मुख्य व्यापारी रस्ता बनवण्यात आला. १८९६च्या सरकारी नियमांनी त्याच्या कडेच्या प्रत्येक नव्या इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवणे सक्तीचे केले. कमानीच्या वरचा भाग मालकाच्या मर्जीवर सोडला होता. त्यामुळे या रस्त्यावर गॉथिक, इंडो-सारसेनिक आणि नवअभिजात अशा शैली खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. खालची कमानींची ओळ मात्र जवळजवळ अखंड चालते. या नियमाची गंमत अशी, की मालकाला त्यात तोटा नव्हता. पावसाळ्यात छत्रीविना चालता येते आणि उन्हाळ्यात सावली मिळते म्हटल्यावर गिऱ्हाईक कमानीखालूनच जाणार आणि दुकानाच्या काचेपाशी थांबणार. दादाभाई नवरोजींचे नाव मिळालेल्या या रस्त्यावर आजही मुसळधार पावसात बोरीबंदर ते फाउंटन हे अंतर बऱ्यापैकी कोरडे राहून कापता येते.

त्यानंतर पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतून निघालेल्या मातीची भर घालून बॅलार्ड इस्टेट वसवले. तिथल्या इमारतींचा एकूण तोंडावळा वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी ठरवला आणि जागा घेणाऱ्या कंपन्यांनी तो पाळला. १९३०च्या दशकात बॅकबे भरावावर ओव्हलच्या पश्चिमेची रांग आणि मरीन ड्राइव्ह उभे राहिले तेव्हा शैली बदलून आर्ट डेको झाली, पण रीत तीच राहिली. जमीन सरकारची, भाडेपट्टा सरकारचा आणि उंचीची व मांडणीची शिस्त भाडेपट्ट्यातच गोवलेली. समुद्राच्या बाजूने पाहिल्यास मरीन ड्राइव्हची शिरोरेषा सरळ दिसते, ती कुणा एका कलावंताची करामत नव्हे.

या चारही ठिकाणी नियम करणारा हा जमिनीचा धनी होता. अट मान्य नसेल तर घेणाऱ्याने भूखंड घेऊ नये, इतका साधा व्यवहार होता. मालकाची तक्रार नव्हती, कारण अटीची किंमत त्याने भूखंडाच्या भावातच धरलेली असे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. दुसऱ्या महायुद्धात घरटंचाईने मांडलेल्या छळावर हा उपाय होता आणि त्या वेळी तो योग्यच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पन्नास वर्षे मुक्कामाला राहिला. इमारतीचे महिन्याचे एकूण भाडे गवंड्याच्या काही दिवसांच्या मजुरीलाही पुरेना, तेव्हा मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरूंनी पागडीवर खोल्या एकमेकांना दिल्या, गॅलऱ्या बंद करून घेतल्या, पोटमाळे चढवले. पावसाळ्यात इमारती कोसळण्याचे प्रकार वाढले. तेव्हा १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवण्यात आला. अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या त्या वेळी १९,६४२ होती. मंडळ पुढे म्हाडाचा भाग झाले.

जुन्या वस्त्यांचा चेहरा बिघडवण्यात बिल्डरांइतकाच या दुरुस्त्यांचाही हात आहे, आणि ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. गिरगाव, काळबादेवी आणि भुलेश्वर भागातील चाळी व वाडे सागवानी सांगाड्याचे होते. बाहेर नक्षीदार लाकडी गॅलऱ्या, त्यांना कोरीव कंस, वर मंगलोरी कौले. मंडळाच्या दुरुस्तीला चौरस मीटरमागे खर्चाची कमाल मर्यादा ठरलेली असे. त्या पैशात सागाचा खांब बदलून सागाचाच खांब बसवणे अभियंत्याला परवडत नसे. मग कुजलेल्या तुळईच्या जागी लोखंडी तुळई आली, गॅलरी तोडून सिमेंटचा सज्जा आला, कोरीव कठड्याच्या जागी पत्रा किंवा गज आले. रहिवाशांचा जीव वाचला, हे मान्य केलेच पाहिजे. पण या कामांकडे दर्शनी भागाचा प्रश्न म्हणून पाहणारे त्या काळात कुणीच नव्हते, आणि पाहायला सांगणारा नियमही नव्हता.

तसा नियम नसण्याचे कारण जुन्या वास्तूंविषयीच्या कायद्यांच्या रचनेत होते. १९०४चा लॉर्ड कर्झन यांच्या काळातील प्राचीन स्मारक कायदा, त्याची जागा घेणारा १९५८चा केंद्रीय कायदा आणि १९६०चा महाराष्ट्राचा कायदा हे सगळे स्मारकांसाठी होते. लेणी, किल्ले, मंदिरे, मकबरे, म्हणजे जिथे माणसे राहत नाहीत अशा वास्तू त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यांची यादी होते, भोवती कुंपण पडते, पहारेकरी बसतो. ज्या इमारतीत बँक चालते, वर दोन बिऱ्हाडे राहतात आणि पडवीत पुस्तकांची पथारी लागते, तिला या कायद्यांत जागा नव्हती. संपूर्ण रस्त्याला किंवा वाडीला तर नव्हतीच. केंद्रीय कायद्याला २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. पण तोही अंतरावर चालणारा नियम आहे. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या पेठांतील रहिवाशांना त्याचा जाच चांगलाच ठाऊक आहे. मोडकळीला आलेला वाडा आणि पंचवीस वर्षांपूर्वीची बेढब इमारत यांत तो फरक करत नाही. वस्तीचे रूप राखण्यासाठी तो केलेलाच नाही.

१९७० आणि १९८०च्या दशकांत मुंबईत जमिनीचे भाव चढत गेले आणि मलबार हिल, कंबाला हिल, वांद्रे येथील बंगले एकामागून एक पडू लागले. त्याविरुद्ध लढणाऱ्यांत बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपचे श्याम चैनानी यांचे नाव आधी घ्यावे लागते. पर्यावरण आणि वारसा हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे मानले नाहीत. त्यांची पद्धत मोर्चाची नव्हती. मंत्रालयात खेटे घालायचे, फायलीतील टिपण वाचायचे, सचिवाला मसुदा तयार करून द्यायचा आणि तरीही काही हलले नाही तर उच्च न्यायालयात जायचे. १९८४ साली स्थापन झालेल्या इंटॅक या वारसा-संस्थेच्या मुंबई शाखेने इमारतींच्या नोंदी करण्याचे काम हाती घेतले. महापालिकेचे आयुक्त आणि राज्याचे मुख्य सचिव राहिलेले द. म. सुखटणकर यांच्यासारखा प्रशासनाच्या आतला माणूस या बाजूला असणे निर्णायक ठरले. पुढे नव्या वारसा समितीचे पहिले अध्यक्षही तेच झाले.

या मंडळींनी निवडलेला मार्ग चतुर होता. नवा कायदा विधिमंडळातून करून घ्यायचा तर वर्षे गेली असती आणि जमीनमालकांचा विरोध तिथेच एकवटला असता. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास आराखड्याने ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू व जागा राखण्याची तरतूद करावी, असे आधीच म्हटले होते. तेव्हा विकास नियंत्रण नियमावलीतच एक नियम घालायचा, असे ठरले. बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेण्यासाठी मालकाला महापालिकेकडे यावेच लागते, तर त्याच खिडकीवर त्याला अडवायचे. १९९१ साली मसुदा आणि यादी प्रसिद्ध झाली, हरकती-सूचना आल्या, सुनावण्या झाल्या. अंतिम मंजुरीला चार वर्षे लागली. मार्च १९९५मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि पुढच्याच महिन्यात अधिसूचना निघाली.

नियमाची व्याप्ती मोठी होती. केवळ पाडकाम किंवा वाढीव बांधकामच नव्हे, तर दुरुस्ती, नूतनीकरण, रंगकाम आणि वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणे यांनाही महापालिका आयुक्तांची पूर्वपरवानगी लागू झाली. इमारतींचे तीन दर्जे केले गेले. पहिल्या दर्जात राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, उदाहरणार्थ व्हिक्टोरिया टर्मिनस. त्यांच्या आत-बाहेर बळकटीसाठी अपरिहार्य असेल तेवढाच बदल करता येतो. दुसऱ्या दर्जात प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू येतात. त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे पोटभाग आहेत. आतले बदल व नवा वापर चालतो, बाहेरचे रूप राखायचे. ‘ब’ असेल तर त्याच आवारात जोड इमारतीचाही विचार होऊ शकतो. तिसरा दर्जा रस्त्याच्या किंवा वस्तीच्या एकूण रूपात भर घालणाऱ्या इमारतींचा, आणि तिथे बरीच मोकळीक आहे. शिवाय फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, मरीन ड्राइव्ह, बाणगंगा, गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी असे संपूर्ण परिसर यादीत आले. वस्तीला वस्ती म्हणून संरक्षण देणे ही यातली खरी नवी गोष्ट होती.

परवानगीचा सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा जतन समिती नेमली गेली. तिच्यात वास्तुविशारद, संरचना अभियंता, पर्यावरणाचा जाणकार, शहराच्या इतिहासाचा अभ्यासक आणि पालिकेचे अधिकारी असतात. समितीचा सल्ला आयुक्तांनी मानायचा, आणि मानायचा नसेल तर कारणे लेखी नोंदवायची. यादीतून एखादी वास्तू काढणे किंवा तिचा दर्जा बदलणे हा अधिकार मात्र राज्य शासनाकडे राहिला. समितीला स्वतःचा निधी नाही आणि काम थांबवण्याची स्वतःची यंत्रणाही नाही. तिची सारी ताकद फाइल तिच्यासमोर येण्यात आहे. फाइल आलीच नाही, तर तिचे काहीही चालत नाही.

मालकाला भरपाई देण्याचा विचार नियमात नव्हता, असे नाही. न्यूयॉर्कने १९६५च्या आपल्या स्मारक कायद्याबरोबर वापरलेली हस्तांतरणीय विकास हक्कांची युक्ती मुंबईने उचलली. बेट शहरात चटईक्षेत्र निर्देशांक १.३३ होता. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १,३३० चौरस मीटर बांधता येते, पण तिथे यादीतला ६०० चौरस मीटरचा बंगला उभा आहे, असे समजा. उरलेल्या ७३० चौरस मीटरचे हक्क मालकाने टीडीआर म्हणून विकावेत आणि बंगला तसाच ठेवावा, अशी ही मांडणी होती. कागदावर ती न्याय्य दिसते. पण गिरगाव-काळबादेवीच्या दाट चाळींनी १.३३पेक्षा अधिक चटईक्षेत्र मुळातच वापरलेले असते. तिथे बुडालेला हक्क शून्य भरतो आणि टीडीआरही शून्य. ही भरपाई बंगलेवाल्यांना सोयीची झाली. जिथे मालक कंगाल आणि भाडेकरू शंभर, तिथे तिचा उपयोग नव्हता.

नियम कुठे यशस्वी झाला, हे पाहायचे तर पुन्हा दादाभाई नवरोजी रस्त्यावर यावे लागते. १९९०च्या दशकाअखेर इथल्या कमानी दिसेनाशा झाल्या होत्या. प्रत्येक दुकानाने आपली पाटी शेजाऱ्याच्या पाटीपेक्षा मोठी करत नेली होती. प्लास्टिकचे व पत्र्याचे फलक कमानीच्या माथ्याच्या दगडावर ठोकलेले, खांबांच्या शिरांवरील कोरीव पाने तैलरंगात बुडालेली, वातानुकूलन यंत्रे खिडक्यांच्या महिरपींतून बाहेर आलेली. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यावरील प्रत्येक दर्शनी भागाची नोंद करून फलकांचे साधे नियम आखले. पाटी कमानीच्या पोकळीच्या आत बसली पाहिजे, दगडी चौकटीवर आली तर ती उतरवायची. कोरीवकाम झाकायचे नाही. मुंबई महानगर प्रदेशासाठी नेमलेल्या वारसा संस्थेने या कामाला पैसा दिला, तर रस्त्यावरील व्यापारी व कार्यालये यांनी हेरिटेज माइल नावाची संघटना काढली. दुकानदार सुरुवातीला नाखूष होते. शेजाऱ्याची पाटीही लहान होणार हे कळल्यावर विरोध मावळला, कारण मोठ्या पाटीचा फायदा सगळ्यांच्याच पाट्या मोठ्या झाल्यावर कुणालाच उरला नव्हता. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या प्रकल्पाची दखल घेतली गेली. त्यानंतर मराठी पाट्यांच्या सक्तीत देवनागरी अक्षर इतर लिपींतील अक्षराहून लहान नको, अशी अट आली. त्यामुळे कमानीतल्या त्याच मर्यादित पट्टीत दोन लिपी बसवण्याची कसरत या रस्त्यावरच्या दुकानांना करावी लागते.

परवानगी मिळाल्यावरही काम बरोबर होईल याची खात्री नसते, आणि त्याचे कारण दगडात आहे. व्हिक्टोरियाकालीन इमारतींत कुर्ल्याचा निळसर काळा कठीण दगड पायाशी, मालाडचा पिवळसर दगड भिंतींना आणि पोरबंदरचा मऊ चुनखडक कोरीवकामाला, असा मेळ दिसतो. मालाडच्या खाणी केव्हाच बंद झाल्या. वस्तीने त्या गिळल्या. एखादा ठोकळा बदलायचा तर पाडलेल्या इमारतीतला दगड शोधावा लागतो. सांध्यांतला चुना उकरून सिमेंट भरण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. चुन्याच्या सांध्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट तिला अडवते, मग ती दगडातून वाट काढते आणि मऊ दगडाचे पापुद्रे सुटतात. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती दहा-पंधरा वर्षांत दगड खाऊन टाकते. समितीच्या अटींत चुन्याचा गिलावा लिहिलेला असतो, पण चुना मळणारा गवंडी शहरात सापडणे ही वेगळीच अडचण.

यादीतल्या उपकरप्राप्त इमारती हे नियमाचे खरे दुखणे ठरले. १९९९ साली पुनर्विकासाच्या ३३(७) या नियमात दुरुस्ती होऊन विकासकाला भरघोस चटईक्षेत्र मिळू लागले. भाडेकरूंना फुकट मालकीचे घर आणि विकासकाला विकण्याजोगे मजले, असा हा सौदा. तो ज्या इमारतीला लागू होतो, तिथे तिसऱ्या दर्जाची वारसा-नोंद म्हणजे भाडेकरूच्या दृष्टीने हातातोंडाशी आलेला घास काढून घेणे. शासनाने पुढे तिसऱ्या दर्जाच्या व परिसरांतील उपकरप्राप्त इमारतींना उंचीच्या एका मर्यादेपर्यंत समितीकडे जाण्यापासून सूट दिली. संवर्धनवाद्यांना ही पळवाट वाटली, रहिवाशांना न्याय वाटला. दोघांचेही बरोबर होते, असेच म्हणावे लागते. मात्र वस्तीच्या रूपाला संरक्षण देण्याची जी नवी गोष्ट १९९५ने आणली होती, तिचा पायाच या सुटीने ढिला झाला, कारण वस्ती बहुतांशी तिसऱ्या दर्जाच्या इमारतींनीच बनते.

काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलची कहाणी हे सगळे प्रश्न एकाच जागी दाखवते. इंग्लंडात ओतलेले लोखंडी खांब व तुळया जहाजाने आणून १८६७ ते १८६९ या काळात ही इमारत जुळवली गेली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ इथेच झाला. पुढे हॉटेल बंद पडले, मजल्यांचे तुकडे पाडून ते भाड्याने गेले आणि एस्प्लनेड मॅन्शन या नावाखाली वकिलांची कार्यालये, छोटी दुकाने व बिऱ्हाडे दाटली. यादीत तिला दुसऱ्या दर्जाचा ‘अ’ गट मिळाला. त्यामुळे ती पाडणे अवघड झाले, पण दुरुस्तीचा पैसा काही आला नाही. भाडे कोट्यवधींच्या दुरुस्तीला पुरणार नव्हते, मालक खर्च करायला तयार नव्हता, भाडेकरू जागा सोडायला तयार नव्हते. २००५च्या पावसाळ्यात इमारतीचा एक भाग कोसळला आणि त्यात जीव गेला. जागतिक स्मारक निधीने २००६च्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचे नाव घातले. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली, तर दुरुस्ती शक्य आहे असे संवर्धनतज्ज्ञांचे म्हणणे पडले. १८८८च्या महापालिका कायद्यातील ३५४व्या कलमाखाली धोकादायक ठरलेली इमारत उतरवता येते, आणि सुरक्षिततेचा मुद्दा निघाला की वारसा-नियमाला गप्प बसावे लागते. म्हणून इमारत तितकी खिळखिळी होईपर्यंत वाट पाहणे हा मालकासाठी सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. नियमाने ‘करू नका’ असे सांगितले, ‘करा’ असे सांगण्याची सोय ठेवली नाही.

खोताच्या वाडीत पडझडीचे कारण निराळे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि लाकडी ओटे, बाहेरचे जिने व उतरती कौले असलेली सुमारे ६५ घरे उभी राहिली. त्यांतली निम्म्याहून कमी उरली आहेत. इथे भाडेकरूंचा प्रश्न फारसा नव्हता. घर मुलाबाळांत वाटले गेले, कुणी परदेशी गेले, दुरुस्ती एकट्याच्या खांद्यावर आली आणि विकासकाचा आकडा समोर आला. जी घरे टिकली ती बहुतेक तिथेच राहणाऱ्या मालकांनी हट्टाने टिकवली आहेत.

२०१२च्या जुलैअखेर महापालिकेने नव्या यादीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात नऊशेहून अधिक नोंदी होत्या आणि दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या विसाव्या शतकातील वसाहती पहिल्यांदा परिसर म्हणून आल्या होत्या. शिवाजी पार्कच्या कडेच्या तीन-चार मजली आर्ट डेको इमारतींतील मध्यमवर्गीय मराठी रहिवासी या बातमीने हादरले. अनेकांच्या पुनर्विकासाच्या बोलण्या शेवटच्या टप्प्यात होत्या. लिफ्ट नाही, पाण्याच्या टाक्या गळतात, म्हातारी माणसे तिसऱ्या मजल्यावर अडकून पडतात, आणि आता खिडकी बदलायलाही समितीकडे जायचे का, असा सवाल सभांतून विचारला गेला. राजकीय पक्षांनीही विरोधाचा सूर धरला. हरकतींचा ढीग पडला. शेवटी राज्य शासनाने निवृत्त सनदी अधिकारी दिनेश अफझलपूरकर यांच्या समितीकडे फेरविचाराचे काम दिले. यादीतला बराच भाग वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. १९९५ साली फोर्टातील बँका आणि सरकारी कचेऱ्या यादीत घालणे सोपे गेले होते, कारण तिथे मतदार राहत नव्हते. शिवाजी पार्कात ते राहत होते.

मुंबईचा नमुना तोवर बाहेर पसरला होता. हैदराबादने १९९५ सालीच आपल्या नियमावलीत तेरावा नियम घातला. केंद्राच्या नमुना बांधकाम उपविधींत वारसा-इमारतींचे प्रकरण आले. २०२०मध्ये मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू झालेल्या एकत्रित नियमावलीतही वारसा-नियम आहेत. यादी करण्याचा आणि समिती नेमण्याचा उत्साह शहरागणिक कमी-जास्त आहे. मुंबईतही २०१८ साली नवी नियमावली आली तेव्हा ६७व्या नियमाची जागा ५२व्या नियमाने घेतली.

त्याच वर्षी ३० जून रोजी युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय व विद्यापीठ, पश्चिमेला सिनेमागृहे आणि राहत्या इमारतींची रांग, असे ६६.३४ हेक्टरांचे हे क्षेत्र आहे आणि त्यात ९४ इमारती येतात. प्रस्तावाचा पाठपुरावा तिथल्या रहिवासी संघटनांनीच केला होता. याच शहरात शिवाजी पार्ककर यादीतून सुटायला धडपडत होते आणि ओव्हलकर जागतिक यादीत जायला. दोघांच्या आवडीनिवडीत फार अंतर असेल असे नाही. ओव्हलच्या इमारती सरकारी भाडेपट्ट्यावर, रुंद रस्त्यावर, मैदानासमोर बांधल्या गेल्या आणि त्या जशा आहेत तशाच ठेवण्यात त्यांची किंमत आहे. शिवाजी पार्कच्या इमारतींची किंमत त्या पाडण्यात होती.

जागतिक दर्जा मिळाल्याने मुंबईत कोणताही नवा कायदा लागू झालेला नाही. युनेस्को नाव यादीतून काढू शकते, पाडकाम थांबवू शकत नाही. ओव्हलसमोरच्या इमारतीतील गोल सज्जा काचेने बंद करायचा असेल, तर त्याचा अर्ज आजही महापालिकेच्या त्याच वारसा समितीपुढे जातो. बाहेरून तो सज्जा उघडाच दिसला पाहिजे की नाही, हे तिथेच ठरते.